‘रॅशिओसिनेशन’चा नेमका अर्थ काय, आणि तो शब्द आला कुठून?

(प्रश्नोत्तरांची चर्चा. प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पुनर्वाचन

एका इंग्रजी निबंधसंग्रहाचा मराठी अनुवाद सुरू आहे. त्यात ‘रॅशिओसिनेशन’ हा शब्द तीन ठिकाणी आला आहे आणि तिन्ही ठिकाणी नुसते ‘तर्क’ लिहून भागत नाही.

पहिल्या ठिकाणी एक न्यायाधीश ‘लाँग अँड पेशंट रॅशिओसिनेशन’नंतर निकालापर्यंत येतो. दुसऱ्या ठिकाणी जुन्या गुप्तहेरकथांना ‘टेल्स ऑफ रॅशिओसिनेशन’ म्हटले आहे. तिसऱ्या ठिकाणी ‘मिअर रॅशिओसिनेशन’ने माणसाचे मन वळत नाही, असे विधान आहे.

रीझनिंग, इन्फरन्स, डिडक्शन या शब्दांपेक्षा यात वेगळे काय आहे? शब्दाचे मूळ कोणते? ‘रेशिओ’ म्हणजेच आपली ‘राशी’, त्रैराशिकातली, असाही दावा वाचला. तो खरा का? उच्चार ‘रॅशिओ’ करायचा की ‘रॅटिओ’? आणि मराठीत काय लिहावे?

शब्दमूळ

आधी मूळ सांगतो, म्हणजे अर्थातला फरक आपोआप उलगडेल.

लॅटिनमध्ये ‘रेओर’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ मोजणे, हिशेब धरणे, आणि त्यावरून मानणे, समजणे. त्यापासून ‘रातिओ’ हे नाम झाले. ‘रातिओ’चा रोजच्या व्यवहारातला अर्थ होता हिशेब, जमाखर्च. पुढे त्याच शब्दाला प्रमाण, कारण, पद्धत, विवेकबुद्धी असे अर्थ येत गेले. ‘रातिओ’ला ‘-किनारी’ हा शेवट लागून ‘रातिओकिनारी’ हे क्रियापद तयार झाले: हिशेब करणे, आणि हिशेब केल्यासारखा विचार करणे. हाच शेवट ‘वातिकिनारी’, म्हणजे भविष्य वर्तवणे, आणि ‘पात्रोकिनारी’, म्हणजे कुणाची पाठराखण करणे, या क्रियापदांतही दिसतो. ‘रातिओकिनारी’चे नाम ‘रातिओकिनातिओ’. हिशेबनिसाला लॅटिनमध्ये ‘रातिओकिनातोर’ म्हणत. सोळाव्या शतकात हे नाम इंग्रजीत आले आणि तेव्हापासून ते पुस्तकी शब्द म्हणूनच राहिले.

याच कुळातले शब्द इंग्रजीत कितीतरी आहेत. ‘रीझन’ जुन्या फ्रेंचमधून घासून-पुसून आला म्हणून ओळखू येत नाही. ‘रॅशनल’ आणि ‘रेशिओ’ सरळ दिसतात. ‘रेट’ आणि ‘रॅटिफाय’ हे ‘रेओर’च्या ‘रातुस’ या भूतकाळवाचक रूपावरून आले. ‘रेशन’ फ्रेंचमार्गे आला. सैनिकाला मोजून दिलेला शिधा हा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्या रेशन दुकानातले रेशन आणि भाजीचा रेट, दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत.

आता राशीबद्दल. हा दावा टिकत नाही, आणि का टिकत नाही ते नीट पाहण्यासारखे आहे. ‘रेशिओ’ आणि ‘राशी’ यांत कानाला सारखा वाटतो तो ‘श’. पण अभिजात लॅटिनमध्ये तिथे ‘श’ नव्हताच, ‘त’ होता. ‘ति’च्या पुढे स्वर आला की त्या ‘त’चा उच्चार पुढच्या शतकांत बदलत गेला आणि इंग्रजीत त्याचा ‘श’ झाला. ‘नेशन’, ‘स्टेशन’मध्येही हेच घडले. संस्कृतातला ‘राशि’ मात्र पहिल्यापासून तालव्य शकाराचा आहे आणि त्याचा मूळ अर्थ ढीग. म्हणजे साम्य दिसते ते आजच्या इंग्रजी उच्चाराशी, आणि शब्दांचे नाते जुळवायचे तर दोन्हीकडची सर्वांत जुनी रूपे समोर ठेवावी लागतात. तिथे ‘रातिओ’ आणि ‘राशि’ एकमेकांपासून दूर आहेत. त्रैराशिकात प्रमाण काढतात हे खरे, पण ती अर्थाची जवळीक झाली. तिच्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

उच्चार: ब्रिटिश कोशांत ‘रॅटिऑसिनेशन’, अमेरिकेत ‘रॅटि-’ आणि ‘रॅशि-’ दोन्ही. मुख्य आघात ‘ने’वर. मराठी लेखनात ‘रॅशिओसिनेशन’ लिहायला हरकत नाही.

परिमेय

वर हिशेबाचा मुद्दा आला त्याला पुस्ती जोडतो, कारण या शब्दाचा तत्त्वज्ञानातला सगळा प्रवास तिथूनच होतो.

इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज यांचे ‘दे कॉर्पोरे’ १६५५ मध्ये लॅटिनमध्ये आले आणि १६५६ मध्ये इंग्रजीत. त्याच्या पहिल्या भागाचे नावच ‘गणना अर्थात तर्कशास्त्र’ अशा अर्थाचे आहे. तिथे ते सुरुवातीलाच सांगतात की रॅशिओसिनेशन म्हणजे गणना, आणि गणना म्हणजे मिळवणे किंवा वजा करणे. ही नुसती उपमा नव्हती. दुरून काहीतरी अंधूक दिसते, तेव्हा मनात एवढेच येते की हा कुठलातरी पदार्थ आहे. जवळ गेल्यावर हालचाल दिसते. आता ‘सजीव’ ही कल्पना मिळवली. अगदी जवळ गेल्यावर बोलणे ऐकू येते, विचाराची खूण पटते. ‘विवेकी’ ही तिसरी कल्पना मिळवली. पदार्थ, सजीव आणि विवेकी यांची बेरीज माणूस. तोच माणूस दूर जाऊ लागला की याच कल्पना उलट क्रमाने वजा होत जातात.

जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्नित्स यांनी तरुणपणीच, १६६६ च्या आपल्या ग्रंथात, हॉब्ज यांच्या या विचाराची दखल घेतली. पुढे त्यांनी ‘कॅल्क्युलस रॅशिओसिनेटर’ची कल्पना मांडली: कल्पनांना चिन्हे द्यायची, चिन्हांचे नियम ठरवायचे, आणि वाद झाला की दोघांनी पाटी घेऊन बसायचे आणि म्हणायचे, चला, हिशेब करू. ती यंत्रणा त्यांच्या हातून पुरी झाली नाही. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले, तेव्हा त्या दिशेने पहिले भक्कम पाऊल पडले.

ग्रीकमध्येही हेच नाते आहे. ‘लोगोस’ म्हणजे बोलणे, तसाच हिशेब आणि गुणोत्तरही. ‘सिलॉजिझम’ ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ एकत्र करून हिशेब मांडणे. परिमेय संख्येला इंग्रजीत ‘रॅशनल’ म्हणतात ते ती शहाणी असते म्हणून नाही, दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येते म्हणून. ‘परिमेय’ या आपल्या संज्ञेत मोजण्याचा अर्थ उघड आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांना ‘इरॅशनल नंबर’ हे नाव चमत्कारिक वाटते, त्याचे कारण हेच की ‘रॅशनल’मधला हिशेब आता कुणाला ऐकू येत नाही.

संस्कृतात शब्दाचे मूळ वेगळे, पण अर्थाची वाट तशीच. ‘सांख्य’ हा शब्द ‘संख्या’वरून आला, आणि संख्या म्हणजे मोजणीही आणि सम्यक् विचारही. तत्त्वे मोजून मांडणारे दर्शन ते सांख्य.

हेत्वाभास

पुनर्वाचन, तुमच्या न्यायाधीशासाठी सिसेरो या रोमन वक्त्याकडे जाणे फायद्याचे ठरेल. रोमन वक्तृत्वशास्त्रात ‘रातिओकिनातिओ’ ही पक्की संज्ञा होती, आणि तिचे एकाहून अधिक अर्थ होते.

सिसेरोच्या तरुणपणच्या ‘दे इन्व्हेन्तिओने’ या ग्रंथात ती पाच अवयवांची मांडणी आहे. पहिले विधान, त्याचे समर्थन, दुसरे विधान, त्याचे समर्थन, आणि निष्कर्ष. त्याचे उदाहरण असे: जे योजनापूर्वक चालवले जाते ते योजनेविना चालणाऱ्यापेक्षा चांगले चालते. समर्थनासाठी घर, सैन्य आणि जहाज. मग दुसरे विधान: विश्वाइतके चांगले काहीच चाललेले नाही. समर्थन: ताऱ्यांचे उदयास्त, ऋतूंचा क्रम, दिवस आणि रात्र. म्हणून विश्व योजनेने चालते. काहींचे म्हणणे होते की समर्थने वेगळी मोजू नयेत, अवयव तीनच. सिसेरोने ते खोडून काढले आहे.

इथे न्यायदर्शनाची, म्हणजे आपल्याकडच्या तर्कविचाराच्या परंपरेची, आठवण होणारच. ‘प्रतिज्ञाहेतूदाहरणोपनयनिगमनान्यवयवाः’, इथेही पाचच. पण पाचाला पाच जुळले म्हणून दोन्ही एक मानू नयेत. सिसेरोच्या मांडणीत निष्कर्ष शेवटी येतो. न्यायात तो आधी प्रतिज्ञा म्हणून येतो आणि शेवटी निगमन म्हणून, सिद्ध झालेला, पुन्हा येतो. मधले तीन अवयवही वेगळे काम करतात:

पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा.
कारण तिथे धूर आहे, हा हेतू.
जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण.
हा पर्वतही तसाच, म्हणजे अग्नीशी बांधलेल्या धुराने युक्त, हा उपनय.
म्हणून इथे अग्नी आहे, हे निगमन.

सिसेरो प्रत्येक विधानाला वेगळा पुरावा देतो. न्यायात सगळा भार उदाहरणातल्या व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशा अटळ साहचर्यावर, असतो, आणि उपनय ती व्याप्ती समोरच्या पर्वताला लावून दाखवतो. शिवाय ही पाच अवयवांची मांडणी दुसऱ्याला पटवण्यासाठी आहे, म्हणून ती परार्थानुमान. स्वतःच्या मनात अनुमान होते तेव्हा पाच वाक्ये म्हणावी लागत नाहीत.

रोमन संज्ञेचा दुसरा अर्थ थेट कायद्यातला. कायद्यात जे लिहिलेले आहे त्यावरून, जे लिहिलेले नाही अशा प्रकरणाचा निर्णय काढणे, यालाही सिसेरो ‘रातिओकिनातिओ’च म्हणतो. तुमच्या न्यायाधीशाच्या प्रकरणात नेमके कलम नसेल आणि तो जवळच्या कलमांवरून पुढे जात असेल, तर हा जुना अर्थ तिथे आजही जिवंत आहे. मूळ परिच्छेद या नजरेने पुन्हा पाहा.

तिसरा अर्थ ‘रेतोरिका आद हेरेन्निउम’ या ग्रंथात: वक्त्याने एकेक विधान करायचे, स्वतःलाच ‘हे का?’ विचारायचे आणि उत्तर देत पुढे जायचे.

एक धोका मराठीपुरता. ‘निगमन’ हा शब्द न्यायदर्शनात पाचव्या अवयवाचे नाव आहे. आधुनिक मराठी तर्कशास्त्रात मात्र निगमन म्हणजे डिडक्शन आणि विगमन म्हणजे इंडक्शन. हिंदी पुस्तकांत इंडक्शनला आगमन म्हणतात, आणि आपल्याकडच्या अध्यापनशास्त्रात याच जोडीला उद्गामी-अवगामी पद्धती म्हणतात. अनुवादात यातली एकच परिभाषा धरून ठेवा.

‘तर्क’ शब्दाचेही तसेच आहे. न्यायसूत्रांत तर्क हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, नाही. वस्तूचे तत्त्व अजून कळलेले नसताना, कारणाची संगती लावून केलेला ऊह, म्हणजे केलेली कल्पना, तो तर्क. ‘इथे अग्नी नसता तर धूरही नसता’ हे तर्काचे नेहमीचे रूप. तो अनुमानाला मदत करतो, त्याची जागा घेत नाही. म्हणून रॅशिओसिनेशनला ‘तर्क’ म्हणणे पारिभाषिक दृष्टीने सैल आहे. ‘अनुमान’ जास्त जवळ जाते.

मुद्रितशोधक

आता वापराकडे. रीझनिंग हा सगळ्यांत मोठा शब्द, त्यात कसलाही सकारण विचार बसतो. इन्फरन्स म्हणजे एक उडी: या गोष्टीवरून ती गोष्ट. डिडक्शन हा त्यातला एक प्रकार, जिथे आधारविधाने खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. रॅशिओसिनेशन म्हणजे अशा अनेक पायऱ्यांची ओळीने केलेली चढण. एखाद्याला चेहरा पाहून चटकन काही उमगले, तर ते इन्फरन्स असू शकेल, पण त्याला रॅशिओसिनेशन कुणी म्हणणार नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी मात्र शब्द आणखी आवळला. १८४३ च्या त्यांच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथाच्या नावातच ‘रॅशिओसिनेटिव्ह अँड इंडक्टिव्ह’ अशी जोडी आहे. विशेषाकडून सामान्याकडे जाणे म्हणजे इंडक्शन, सामान्याकडून विशेषाकडे येणे म्हणजे रॅशिओसिनेशन, अशी त्यांची वाटणी. तुमचा निबंध मिल यांच्याविषयी बोलत असेल तर तिथे ‘निगामी (डिडक्टिव्ह) अनुमान’ लिहा. एरवी हा अर्थ लादू नका.

गुप्तहेरकथांचे वेगळे आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ ते १८४४ या काळात द्युपँ या गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या पात्राच्या तीन कथा लिहिल्या आणि १८४६ मधल्या एका पत्रात त्यांना ‘टेल्स ऑफ रॅशिओसिनेशन’ म्हटले. तोवर ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ हे नाव रुळलेले नव्हते. इथे निगामी हा शब्द चुकीचा ठरेल, कारण अशा कथांतला विचार बहुतेक वेळा निगामी नसतोच. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी १८७८ मध्ये घेवड्याच्या बियांवरून हा फरक दाखवला. या पिशवीतल्या सगळ्या बिया पांढऱ्या आहेत, या बिया पिशवीतल्या आहेत, म्हणून या पांढऱ्या: हे डिडक्शन. या बिया पांढऱ्या आहेत, पिशवीतल्या सगळ्या पांढऱ्या आहेत, म्हणून या पिशवीतल्याच असाव्यात: ही अटकळ, जिला पर्स पुढे अ‍ॅब्डक्शन म्हणू लागले. बुटावरच्या चिखलावरून माणूस कुठून आला हे सांगणारा गुप्तहेर दुसऱ्या प्रकारचे काम करतो. ते चुकू शकते.

आणखी एक गल्लत छापील मजकुरातही दिसते: रॅशिओसिनेशन आणि रॅशनलायझेशन. मानसशास्त्रातल्या रॅशनलायझेशनमध्ये निर्णय आधीच झालेला असतो आणि कारणे नंतर गोळा केली जातात. या अर्थाने तो शब्द मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांच्या १९०८ च्या लेखापासून रूढ झाला. मराठीत त्याला ‘मखलाशी’ हा अस्सल शब्द आहे. रॅशिओसिनेशनमध्ये कारणे आधी येतात आणि निष्कर्ष नंतर.

परिमेय

हिशेब कुठे चुकतो तेही सांगायला हवे, कारण ‘मिअर रॅशिओसिनेशन’मधल्या ‘मिअर’चा उलगडा तिथेच आहे.

एक चूक शब्दाची. ‘जो पान खातो त्याचे ओठ रंगतात, शेळी पान खाते, म्हणून शेळीचे ओठ रंगतात.’ मांडणी वरून निर्दोष दिसते. पण ‘पान’ दोन विधानांत दोन वेगळ्या वस्तूंचे नाव आहे, त्यामुळे दोन विधानांना जोडणारे पदच उरत नाही. तीन पदांच्या जागी चार झाली. उपाय सोपा आहे: विडा आणि पाला असे वेगळे शब्द घालून विधाने पुन्हा वाचायची, जोड तुटली की चूक सापडली.

दुसरी चूक दिशेची. जिथे धूर तिथे अग्नी हे चालते, जिथे अग्नी तिथे धूर हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, इथे उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, दाखवतात: धूर यायला नुसता अग्नी पुरत नाही, ओले सरपण लागते.

तिसरी सर्वांत वाईट, कारण ती हिशेबात दिसतच नाही. १६५१ च्या ‘लेव्हायथन’च्या पाचव्या प्रकरणात हॉब्ज घरधन्याचे उदाहरण देतात. तो सगळ्या बिलांची बेरीज करतो, पण एकेक बिल कुणी कसे केले ते पाहत नाही. बेरीज बरोबर येईल, खर्च बरोबर असेलच असे नाही. पायऱ्या सगळ्या बिनचूक असूनही पहिलेच विधान खोटे असेल तर निष्कर्षाला आधार राहत नाही. ‘मिअर’ लावणाऱ्या लेखकांची तक्रार बहुधा हीच असते: पायऱ्या मोजल्या, पण पायऱ्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती तपासली नाही.

पुनर्वाचन

खूप मदत झाली. न्यायाधीशाचा परिच्छेद पुन्हा पाहिला. कायद्यात तरतूद नसलेलेच प्रकरण आहे आणि तो तीन जुन्या निकालांवरून पुढे जातो. तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द ठेवावा का? ‘ऊहापोह’ कसा वाटतो?

हेत्वाभास

‘ऊहापोह’ मुळात सुंदर बसला असता. ऊह म्हणजे योग्य ते कल्पून पुढे नेणे, अपोह म्हणजे अयोग्य ते दूर सारणे. हॉब्ज यांच्या बेरीज-वजाबाकीशी जुळणारी जोडी. पण आजच्या मराठीत ऊहापोह म्हणजे सविस्तर चर्चा. वाचकाला वाटेल की न्यायाधीशाने चौघांना बोलावून चर्चा केली.

एकच शब्द तिन्हीकडे ओढू नका. पहिल्यासाठी: ‘जुन्या निकालांवरून एकेक अनुमान बांधत, सावकाश, तो निर्णयापर्यंत आला’. नामाचे क्रियापद केले की मराठी वाक्य मोकळे होते. ‘दीर्घ व संयमी तर्कप्रक्रियेनंतर’ असे लिहिले तर अर्थ कळतो, पण पायऱ्या दिसत नाहीत.

मुद्रितशोधक

दुसऱ्यासाठी ‘अनुमानकथा’. ‘तर्ककथा’ही चालेल, पण ‘तर्क’चा आजचा अर्थ अंदाजाकडे झुकतो, ‘तर्कवितर्क’, ‘नुसते तर्क लढवू नका’ हे प्रयोग पाहा. पहिल्या उल्लेखाच्या वेळी वाक्यातच ‘ज्यांना पो अनुमानकथा म्हणत’ असे घाला, म्हणजे हे जाणूनबुजून दिलेले नाव आहे हे कळेल आणि तळटीप लागणार नाही.

तिसऱ्यासाठी ‘कोरडे अनुमान’ नको, ते पारिभाषिक वाटते. ‘नुसत्या युक्तिवादाने माणसाचे मन वळत नाही’ एवढे पुरे. मूळ वाक्याचा रोख ऐकणाऱ्यावर होणाऱ्या परिणामावर आहे, म्हणून तिथे युक्तिवाद योग्य.

शब्दमूळ

‘नुसत्या युक्तिवादाने’ला माझे अनुमोदन. सूचीत मात्र तिन्ही ठिकाणांची पाने ‘रॅशिओसिनेशन’ या एकाच नोंदीखाली द्या आणि पुढे मराठी पर्याय लिहा. मूळ निबंधकाराने तिन्ही जागी एकच शब्द वापरला, हे ज्याला अभ्यासायचे आहे त्याला ते सापडले पाहिजे.